भाचीसाठी पाहिलेल्या दोन एव्हिएशन संस्था आणि शेवटी घेतलेली ॲडमिशन

संभाजीनगरला जालना रोडवरच्या एव्हिएशन अकॅडमीला मी पाचपैकी दोन स्टार देतोय आणि पुण्याकडच्या, विमान दुरुस्ती शिकवणाऱ्या संस्थेला चार. नावं दोघांचीही टाकत नाही. पहिलीकडं आमचे नोंदणीचे पैसे अडकलेत, त्यामुळं कुणी म्हणेल राग काढतोय. आणि दुसरीचं नाव टाकलं की मामाला कमिशन मिळालं म्हणायला लोक मोकळे. ज्याला आपल्या लेकरासाठी असलं काही बघायचंय त्याला आत गेल्यावर कुठं नजर टाकायची ते कळलं तरी पुष्कळ झालं.

माझं परभणीत वसमत रोडला पंप-नोझलचं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टर, पिकअप, बोअरच्या गाड्या, ज्याचा डिझेल पंप बिघडला तो माझ्याकडं. कॉलेजची पायरी मी चढलो नाही. आयटीआय केला आणि पुढं उस्तादाच्या हाताखाली शिकलो. म्हणून घरात शिक्षणाचा विषय निघाला की मी हातातल्या कामाच्या बाजूचा, हे सगळे धरूनच चालतात. भाची यंदा बारावी झाली, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स घेऊन. सीईटीत जेमतेम. दाजी मानवतला जिनिंगवर हिशेबाला आहेत, त्यांचं एकच पालुपद: डिग्री पाहिजे, मग कशाची का असेना. ताईचं बरोबर उलटं. "बीएस्सी झालेल्या पोरी आपल्याच गल्लीत बसून हायेत की घरात. त्यात अजून एकीची भर कशाला?" आणि पोरीच्या मोबाइलवर दिवसभर युनिफॉर्ममधल्या मुली चाकाच्या बॅगा ओढत चालायच्या. बारावीनंतर एक वर्षाचा कोर्स, की थेट एअरपोर्टवर नोकरी.

तर आधी ती अकॅडमी. काचेचा दरवाजा, एसी, गेल्या गेल्या थंड पाण्याची बाटली. काउन्सेलर मॅडम बोलायला गोड आणि हिशेबाला पक्क्या. केबिन क्रू, ग्राउंड स्टाफ, हॉस्पिटॅलिटी असं सगळं मिळून एक वर्षाचा डिप्लोमा, फी एक लाख पस्तीस हजार, "आजच भरले तर पंधरा हजार कमी." दाजींनी तिथल्या तिथं पाच हजार फोनवरून पाठवून सीट अडवली. मला वाटतं जागा किती शिल्लक आहेत ते कुणालाच माहीत नव्हतं, मॅडमनाही.

शेजारच्या खोलीत प्लायवूडचं विमान आहे. खुर्च्या खऱ्या विमानातल्या वाटल्या, पट्टे-बकल ओरिजिनल. खिडक्यांच्या जागी ढगांचे स्टिकर. माझी नजर मात्र खाण्याच्या ट्रॉलीवर गेली. तिच्या ब्रेकचं पॅडल तुटलेलं होतं आणि ते केबल टायनं बांधून ठेवलं होतं. ट्रॉली हवेत असताना मोकळी सुटली तर कुणाच्या तरी गुडघ्यावर जाणार, हे इथं शिकवणार. आणि शिकवायच्या ट्रॉलीचा ब्रेक असा. मी विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "सर, डेमोपुरतीच आहे ती." डेमोपुरतीच आहे म्हणून तर नीट पाहिजे ना.

पण दोन स्टार दिलेत ते फुकटचे नाहीत. आम्हाला एका तासाला बसू दिलं. शिकवणाऱ्या बाई पूर्वी विमान कंपनीत होत्या हे त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. त्यांनी टेबलावर एक बॅग उपडी केली: पॉवर बँक, लायटर, परफ्यूम, कात्री आणि सुक्या खोबऱ्याच्या दोन वाट्या. पोरांना विचारलं, यातलं खालच्या सामानात काय जाणार नाही? पॉवर बँक सगळ्यांनी ओळखली. लिथियमची बॅटरी खाली मालाच्या भागात पेटली तर कुणाला दिसणार नाही, म्हणून ती हातातल्या बॅगेतच ठेवायची. खोबऱ्यावर वर्ग हसला. बाई म्हणाल्या, हसू नका, सुकं खोबरं धोकादायक मालाच्या यादीत आहे, तेलामुळं ते आपोआप तापतं. "तुमच्या गावाकडून मुंबईला निघालेल्या प्रत्येक मावशीच्या पिशवीत ते असणार, आणि तिला न दुखावता ते बाहेर काढायला तुम्हाला सांगायचंय. आता हे इंग्रजीत सांगा, मग हिंदीत." वैजापूरकडची एक मुलगी उठली आणि असं मऊ बोलली की मी असतो तर खोबरं काढून दिलं असतं. भाषा आणि बोलण्याची भीड मोडणं, हे काम तिथं खरंच होतं.

अडचण पुढं आहे. मी विचारलं, या डिप्लोम्याला मान्यता कुणाची? मॅडमनी भिंतीवरच्या फ्रेमा दाखवल्या. एक आयएसओची, एक कुठल्याशा परदेशी बोर्डाची, एक उत्कृष्ट संस्थेच्या पुरस्काराची. विद्यापीठाची नाही आणि डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचीही नाही. त्यात बेकायदेशीर काही नाही बरं का. डीजीसीए मान्यता देतं ती फ्लाइंग स्कूलला, विमान दुरुस्तीच्या संस्थांना, ड्रोनच्या शाळांना. हवाईसुंदरीच्या खासगी कोर्सला ती लागतच नाही. विमान कंपनी मुलगी निवडते आणि मग दार उघडणं, आग विझवणं, पाण्यावर उतरल्यावर काय करायचं, हे सगळं स्वतः शिकवते. तिथं बहुतेक ठिकाणी अट बारावीची, वयाची, उंचीची, आणि बोलता येण्याची. विमानतळाच्या आत जायचा पासही नोकरी देणाऱ्या कंपनीमार्फतच निघतो, संस्थेला तो काढून देता येत नाही. म्हणजे सव्वा लाखाचा कागद ज्या दारावर दाखवायचा, त्या दारावर तो कुणी मागतच नाही.

शंभर टक्के प्लेसमेंटचं विचारलं. बोलताना शंभर टक्के. करारनाम्यात बारीक अक्षरात "प्लेसमेंट साहाय्य". संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर उतरणारी विमानं मोजकी, तिथं दर वर्षी किती पोरं लागणार? मॅडमही म्हणाल्या, मुंबई-हैदराबादची तयारी ठेवा.

माझ्या एका गिऱ्हाइकाची पुतणी याच अकॅडमीतून गेलेली निघाली. तिला फोन लावला. मुंबईला चेक-इनच्या काउंटरवर आहे, विमान कंपनीच्या नव्हे, सामान-प्रवासी सांभाळणाऱ्या ठेकेदार कंपनीच्या पगारावर. हातात एकोणीस हजार येतात, मरोळला चौघी मिळून एक खोली, शिफ्ट रात्री दोनची असली तर कंपनीची गाडी. ती म्हणाली, "काका, माझ्या शेजारच्या काउंटरवरची बी.कॉम. करून डायरेक्ट इंटरव्ह्यूला आलेली हाय. पगार दोघींचा सारखाच. उद्या सुपरवायझरची जागा निघाली तर डिग्री विचारतेत, म्हणून मी आता मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरायलेय." मग थोडं थांबून, "पण कोर्सला गेले नसते तर इंटरव्ह्यूत तोंड उघडलं नसतं, हे बी खरं हाय." हे मी दाजींना जसंच्या तसं सांगितलं. ते "बघा, डिग्री!" एवढंच ऐकून खूश.

आता दुसरी संस्था. ही डीजीसीएच्या सीएआर-१४७ नियमाखाली मान्यता असलेली, एएमई म्हणजे विमान देखभालीच्या लायसन्सचा कोर्स. अशा संस्थांची यादी डीजीसीएच्या वेबसाइटवर असते, त्यात नाव आणि कोणत्या शाखेला मान्यता आहे ते बघूनच गेलो. बी-१.१ म्हणजे जेट-टर्बाइन विमानाचं यांत्रिक काम, बी-२ म्हणजे वायरिंग, रेडिओ, उपकरणं. बारावीला पीसीएम लागतं. इथं एसी फक्त मोजमापाच्या खोलीत होता, माणसांना पंखे.

मला जे आवडलं ते हत्यारांचं कपाट. प्रत्येक पान्याच्या मागं फळीवर त्याच आकाराची लाल सावली रंगवलेली. पाना उचलला की लाल दिसतं. उचलणाऱ्यानं आपल्या नंबरचा बिल्ला तिथं अडकवायचा. संध्याकाळी फळीवर लाल दिसलं तर कुणी घरी जात नाही. तो पाना सापडेपर्यंत विमान हलत नाही. माझ्याकडं दर दिवाळीला झाडताना कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या बोनेटमधून माझेच पाने परत येतात. टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट मोजून आवळायचा पाना, त्यावर कॅलिब्रेशनची, म्हणजे त्याचं माप तपासल्याची तारीख लावलेली होती आणि तारीख उलटलेली नव्हती. मी तिन्ही उचलून बघितले.

शिकवणारे मास्तर हवाई दलातून निवृत्त झालेले, बिदर-पुणे असं फिरलेले. मी पंपाचा मिस्त्री म्हटल्यावर त्यांनी माझ्या हातात स्टीलची बारीक तार दिली आणि शेजारी शेजारी बसवलेले दोन बोल्ट दाखवले, डोक्याला भोकं पाडलेले. तार एका बोल्टातून ओवायची, दोन्ही पदरांना एकसारखा पीळ द्यायचा, दुसऱ्यातून काढायची आणि शेपूट आत वळवून टाकायचं, हाताला लागू नये म्हणून. माझा पीळ सुरेख आला. मास्तर बघून म्हणाले, "छान. पण बोल्ट सुटायला लागला तर ही तार त्याला मदत करणार." मी ओवण्याची दिशा उलटी धरली होती. तार अशी ओढून धरली पाहिजे की एक बोल्ट ढिला होऊ लागला की दुसऱ्यानं त्याला घट्ट करायच्या बाजूला खेचावं. भाचीनं पुढच्या खेपेला बरोबर बांधली आणि फोटो काढून आईला पाठवला.

याची फी दोन वर्षांची मिळून साडेपाच लाखांच्या पुढं, राहणं-खाणं वेगळं. चौथा स्टार यासाठी की मास्तरांनी तोटे स्वतःहून सांगितले. संस्थेतले चोवीसशे तास बसून काढले म्हणून लायसन्स मिळत नाही. डीजीसीएच्या मॉड्यूलच्या, म्हणजे विषयवार परीक्षा असतात, प्रत्येकात पंच्याहत्तर टक्के लागतात, वर प्रत्यक्ष विमानावरच्या कामाचा अनुभव नोंदवावा लागतो. मॉड्यूल मागं राहिली की पोरगं हँगरमध्ये नुसतं हाताखालचं राहतं. लायसन्स हातात आलं तरी एअरबस किंवा बोइंगच्या ठरावीक विमानावर "हे उडायला तयार आहे" अशी सही करायची तर त्या विमानाचं वेगळं टाइप ट्रेनिंग. पण ती सही एकदा आली की ती माणसाची स्वतःची. जेट एअरवेज २०१९ च्या एप्रिलमध्ये बंद पडली, गो फर्स्ट २०२३ च्या मेमध्ये. कंपनी गेली तरी लायसन्सवरचं नाव पुसत नाही. पाचवा स्टार कापला तो हॉस्टेलमुळं. मुलींचं हॉस्टेल संस्थेपासून लांब, आणि संध्याकाळी तिथं जायला रिक्षाशिवाय काही नाही.

एक गोष्ट इथं लिहून ठेवतो, कारण आमच्या दाजींचा घोळ इथंच होता: एरोनॉटिकल इंजिनिअरिंगची बी.ई. आणि एएमई या वेगळ्या गोष्टी. बी.ई. वाला विमान कसं बनवायचं ते शिकतो, त्या डिग्रीवर दुरुस्तीची सही करता येत नाही. काही एएमई संस्था सोबत बीएस्सी एअरोनॉटिक्स करून देतात, मुंबई विद्यापीठाची ती डिग्री आहे. ज्यांच्या घरात ताई-दाजींसारखे दोन पक्ष असतील त्यांनी असं जोडलेलं बघावं. निव्वळ विद्यापीठच हवं तर उत्तर प्रदेशात फुरसतगंजला राजीव गांधी राष्ट्रीय विमानन विद्यापीठ आहे, २०१३ च्या कायद्यानं झालेलं, केंद्र सरकारचं. वैमानिकांची सरकारी अकादमीही तिथंच.

आम्ही निघायच्या बेतात असताना मास्तरांनी भाचीला विचारलं, गाव कोणतं. परभणी म्हटल्यावर म्हणाले, औरंगाबादचा १९९३ चा अपघात ऐकलाय का? मला तो आठवतो, तेव्हा मी शाळेत होतो. २६ एप्रिलची दुपार, इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ चिकलठाण्याहून मुंबईला निघालं, धावपट्टी संपली तरी पुरेसं वर गेलं नाही आणि पलीकडच्या बीड रोडवरून कापसाच्या गाठी घेऊन चाललेल्या ट्रकला त्याची धडक बसली. ११८ पैकी ५५ माणसं गेली. आमच्याकडं तेव्हा सगळे ट्रकवाल्यालाच बोल लावायचे, गाठी फार उंच रचल्या होत्या म्हणून. मास्तरांनी चौकशीत काय निघालं ते सांगितलं: वैमानिकांनी नाक उचलायला उशीर केला, पद्धतही चुकली; आणि विमानाच्या वेळेला त्या रस्त्यावरची वाहनं रोखायला हवी होती, ती विमानतळ प्राधिकरणानं रोखली नव्हती.

मी इंजिनचं, वजनाचं, उन्हाळ्यातल्या हवेचं विचारत बसलो. भाचीनं एकच विचारलं. "रस्ता बंद करा म्हणून सांगायचं कुणी? विमान निघालंय हे कुणाला माहीत असतंय?"

तिथून ती एटीसीवर गेली, म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोल. मास्तरांनी तिला सांगितलं की तेव्हा रस्ता न रोखणारं ते प्राधिकरण १९९५ मध्ये दुसऱ्यात विलीन होऊन आताचं भारतीय विमानतळ प्राधिकरण झालं, आणि विमानांना वाट देणारी माणसं तेच भरतं. ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह अशी जागा असते. २०२५ च्या जाहिरातीत ३०९ जागा होत्या, मूळ वेतन चाळीस हजारांपासून, वयाची कमाल मर्यादा सत्तावीस, लेखी परीक्षा, आवाजाची चाचणी, मग प्रयागराजसारख्या केंद्रात ट्रेनिंग. अट काय? फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन तीन वर्षांची बीएस्सी, नाहीतर इंजिनिअरिंग. डिप्लोमा नाही, एएमई नाही. एटीसीची खुर्ची हवी असेल तर बाहेरच्या कोणत्याही अकॅडमीत तिचा थेट कोर्स मिळत नाही. गल्लीतल्या त्या घरी बसलेल्या पोरींकडं जी डिग्री आहे, तीच तिथं लागते.

येताना रेल्वेत मी तिला एएमईचं पटवायचा पुष्कळ प्रयत्न केला. अजूनही माझं मत तेच आहे. सरकारी जाहिरात कधी निघेल ते कुणाच्या हातात नाही, लाखानं पोरं बसणार. हातातलं लायसन्स बरं. ती ऐकून घेत होती आणि जालना गेल्यावर म्हणाली, "मामा, तार बांधायला तुम्हाला आवडलीय. तुम्हीच घ्या ना ॲडमिशन."

ॲडमिशन परभणीतच घेतली, बीएस्सीला, विद्यापीठ नांदेडचं. वर्षाची फी माझ्या वर्कशॉपच्या विजेच्या बिलाएवढीही नाही. तिथंही नुसतं फॉर्म भरून जमलं नाही. नव्या शिक्षण धोरणात मेजर-मायनर, म्हणजे मुख्य विषय आणि जोडविषय आलंय. क्लार्क म्हणाला, फिजिक्सला सोबत काहीही घ्या. काहीही घेऊन चालत नाही, मार्कशीटवर फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही दिसलं पाहिजे. जुनी जाहिरात छापून नेली आणि विभागप्रमुखांना दाखवली, तेव्हा मायनर मॅथ्स झालं. कॉलेजला किती स्टार द्यायचे ते आत्ताच सांगता येणार नाही. प्रयोगशाळेतल्या निम्म्या उपकरणांवर कापड झाकलेलं आहे. तिसऱ्या वर्षाची पोरं म्हणाली, प्रॅक्टिकल होतात, पण मागं लागावं लागतं.

वैमानिक व्हायचंय म्हणून मला फोन करणारेही आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात. बारावी फिजिक्स-मॅथ्स, २०० तास उड्डाण, डीजीसीएचे पेपर ७० टक्क्यांनी पास, आणि खर्च अर्ध्या कोटीच्या घरात. पुढं एअरबससारख्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक विमान चालवायची परवानगी, वेगळं. डिग्री लागत नाही. शेत विकायच्या गोष्टी करण्याआधी मेडिकल करून घ्या, आधी क्लास-२, मग क्लास-१. रंग नीट ओळखता आले नाहीत तर सगळं तिथंच थांबतं. ओबीसी, भटक्या-विमुक्त, विशेष मागास प्रवर्गातल्यांसाठी राज्य सरकारच्या महाज्योती संस्थेनं नागपूर फ्लाइंग क्लबमधून वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबवलीय, त्यांच्याकडं चौकशी करा. आणि हवाई दलात जायचं असेल तर तो रस्ताच निराळा: मुलांसाठी संभाजीनगरला १९७७ पासून राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, दहावीनंतर एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची तयारी करून घेते. पदवीनंतर एएफसीएटी, म्हणजे हवाई दलाची प्रवेश परीक्षा.

अकॅडमीला एक गोष्ट मात्र मी नंतर फोन करून विचारली. त्या खोबरंवाल्या बाईंचा इंग्रजी बोलण्याचा तास वेगळा मिळेल का, आठवड्यातून दोनदा, जी होईल ती फी देतो, पोरगी परभणीहून येईल. एटीसीच्या चाचणीत बोलणं स्वच्छ लागतं आणि असं शिकवणारं माणूस मला दुसरं दिसलेलं नाही. तेवढं मिळालं असतं तर मी चार स्टार दिले असते. मॅडम म्हणाल्या, वेगळा मिळत नाही सर, पॅकेजमध्येच येतो.